कोऱ्या पानांवरच्या सह्या

१

जर्नल उघडलं आणि डॉ. सायरा मुकादम यांनी ते लगेच मिटलं. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा चढवला आणि जर्नल परत उघडलं.

रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा त्या सोमवारी सुरू झाली होती. सायरा मॅडम बाहेरून आलेल्या परीक्षक. प्रयोगांना हात लावू देण्याआधी त्या एकेकाचं जर्नल बघत होत्या. वर्षभर केलेले प्रयोग ज्यात लिहायचे आणि ज्याच्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, ती ही वही. समोरचं जर्नल प्रतिक्षा मोकलचं होतं. खाकी कव्हर, त्यावर प्लॅस्टिक, सगळं नीटनेटकं. पहिल्या पानावर अनुक्रमणिका भरलेली. डावीकडे पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी विशाल सरांची लाल बॉलपेननं केलेली सही आणि तारीख. अशा आठ सह्या. आणि त्या सह्यांच्या वर, पानामागून पान, काहीच नव्हतं. धुऊन वाळत घातल्यासारखी पानं.

मॅडमनी पोरीला पुढे बोलावलं. तिनं एक पान उलटलं, मग दुसरं, मग भराभर शेवटपर्यंत. "मी लिहिलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि स्टुलावर मटकन बसली. 

प्राचार्यांनी मात्र अर्थ लावायला वेळ घेतला नाही. मुलीनं वर्षभर काही लिहिलं नाही आणि मास्तरांनी कोऱ्या पानांवर सह्या ठोकल्या. बुधवारी दुपारी चौकशी समिती बसेल. तोवर मुलगी परीक्षेबाहेर आणि सर प्रयोगशाळेबाहेर. दोष सिद्ध झाला तर मुलीला तीन वर्षं परीक्षाबंदी.

दुपारी विशाल सर सरूबाईंच्या पडवीत येऊन बसले ते पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून. सरूबाई त्याच प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गावात त्यांना अजून 'कॉलेजातल्या बाई' म्हणत. विशाल त्यांचाच विद्यार्थी. कुठल्या वर्षी कुणी कुठली पिपेट फोडली हे बाईंना पाठ होतं, आणि विशालनं तीन फोडल्या होत्या.

"बाई, शनिवारी साडेतीनला ते जर्नल मी स्वतः चाळलंय," सर म्हणाले. "वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर तिचं. सगळं लिहिलेलं होतं. मग मी मीटिंगला गेलो. पाचला जनू शिपायानं सगळी जर्नलं कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली काल दिवसभर माझ्या खिशात होती. आता माझं कोण ऐकणार? मीच तर आरोपी."

प्राचार्यांनी बुधवारपर्यंतच्या बोलीवर जर्नल बाईंच्या शब्दावर त्यांच्याकडे दिलं होतं. बाईंनी ते मांडीवर घेतलं. ही पोरगी त्यांना परकी नव्हती. दर रविवारी याच पडवीत चौघं मुलं बसत. खाडीकडच्या गावातून प्रतिक्षा, गागोद्याचा प्रविण, रोह्यातली नफिसा आणि वरश्याची मृणाली. एकानं शिकवायचं आणि तिघांनी शंका काढायच्या, असा त्यांचा नेम. बाई फक्त चहा करत आणि मधे तोंड घालत नसत. त्यांनी स्वतः पन्नास वर्षांपूर्वी पेणच्या एस.टी. स्टँडच्या बाकावर मैत्रिणीबरोबर एकाच पुस्तकात डोकं घालून हे शास्त्र शिकून घेतलं होतं. या चौघांकडे बघताना त्यांना तो बाक आठवे.

त्यांनी कव्हरवरून बोट फिरवलं. प्लॅस्टिक धड होतं, पण सैल. आतल्या खाकी कागदावरची चिकटपट्टी पिवळी पडून चुरचुरत होती. नावाच्या चिठ्ठीच्या कडा वर वळल्या होत्या.

"विशाल," त्या म्हणाल्या, "ही वही कुणीतरी भाजली आहे."

२

मंगळवारी सकाळी बाई पहिल्या एस.टी.नं पेणला उतरल्या आणि तिथून रिक्षानं खाडीकडे गेल्या. मार्च महिना, मिठागरं पिकलेली. पांढऱ्या ढिगांवर ऊन असं तळपत होतं की डोळे किलकिले करून चालावं लागे.

प्रतिक्षाचा बाप हिरामण आगरावर फळी ओढत होता. त्यानं बाईंना रामराम केला, पण हात थांबवला नाही. पोरगी कालपासून जेवली नव्हती आणि बाप तिच्याशी बोलला नव्हता. गावात एव्हाना बोललं जात होतं की कॉलेजाच्या नावानं पोरगी वर्षभर भलतीकडेच जात होती, म्हणून तर वही कोरी निघाली. हिरामणनं कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्याचं दुःख वेगळं होतं.

"मला वाचता येत नाय बाई," तो म्हणाला. "पन रोज सांजच्याला ती लिवताना मी बगायचो. पान भरलेलं दिसायचं. आता सायेब सांगतात पान कोरं हाय. मंग मी काय बगत व्हतो?"

प्रतिक्षा घरात आईजवळ बसली होती. बाईंनी तिला फारसं काही विचारलं नाही. फक्त जर्नल ज्यानं लिहिलं ते पेन मागितलं. तिनं दप्तरातून काढून दिलं. निळं, शेवटाला रबराचं टोक असलेलं. नफिसाच्या वडलांनी, अस्लमभाईंनी मस्कतहून अशी चार पेनं पाठवली होती, चौघांना चार. चुकलं की ते टोक घासायचं, शाई नाहीशी होते आणि खाडाखोड दिसत नाही. बाकीच्यांनी ती पेनं कच्च्या कामाला वापरली. प्रतिक्षानं सगळं जर्नल त्याच पेनानं लिहिलं, कारण जर्नलात खाडाखोड दिसली की मार्क जातात. अनुक्रमणिका तेवढी नफिसानं तिच्या साध्या बॉलपेननं भरून दिली होती.

बाईंनी एका कागदावर रेघ ओढली आणि रबराचं टोक जोरात घासून लगेच ओठाला लावलं. टोक गरम झालं होतं. रबर शाई खरवडत नव्हतं. घासण्यानं ऊब येई आणि त्या उबेनं शाईचा रंग जाई. मग सगळी वहीच तापवली तर?

"ही शाई उष्णतेनं जाते हे कुणाकुणाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

चौघांनाही, प्रतिक्षा म्हणाली. एकदा मृणालीनं गंमत म्हणून प्रविणच्या वहीवर चहाचा गरम ग्लास ठेवला होता. ग्लास उचलला तर अक्षरांच्या मधोमध पांढरा गोल. तो गोल बघून सगळी पोट धरून हसली होती.

बाईंच्या मनात एकदम आशा उभी राहिली. त्या पोरीला म्हणाल्या की आता काळजी करू नको, वही कशानं कोरी झाली ते आपल्याला सांगता येईल.

प्रतिक्षानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण नव्हती.

"जाऊ द्या बाई," ती हळूच म्हणाली. "ते लिवलेलं गेलं ते बरंच झालं."

३

परतीच्या गाडीत ते वाक्य बाईंच्या कानातून हलेना. जिचं वर्ष बुडतंय तीच म्हणते, गेलं ते बरं झालं. पोरीनं मग तोंड उघडलंच नव्हतं. क्षणभर बाईंच्या मनात आलं की हिनंच तर नाही ना भाजली? पण हिशेब जमेना. सरांनी साडेतीनला वही चाळली तेव्हा लिहिलेलं होतं, आणि प्रतिक्षा नि प्रविण पावणेचारच्या एस.टी.नं पेणकडे निघालेसुद्धा होते.

रोह्याला उतरून त्या थेट प्रयोगशाळेत गेल्या. जनू शिपाई कावराबावरा झाला होता. त्यानं देवाशपथ सांगितलं की बेचाळीस जर्नलं त्यानं मोजून ठेवली, उघडली नाहीत. शनिवारी सोमवारसाठी काचसामान धुवायचं होतं, चारही मुलं मदतीला थांबली होती. दोघं गाडीला गेली, नफिसा आणि मृणाली पाचपर्यंत होत्या, आळीपाळीनं एक बाहेरच्या नळावर आणि एक आत. मधे जनू चहाला जाऊन आला. किती वेळ? तो ओशाळून म्हणाला, जरा जास्तच.

"आणि ओव्हन?"

दोन वाजल्यापासून चालू होता, धुतलेली भांडी सुकवायला. उकळत्या पाण्याहून गरम.

बाईंनी ओव्हनचं दार उघडून बघितलं. वही मावेल एवढी जागा वरच्या फळीवर होती. पण त्या आचेला वहीवरचं प्लॅस्टिक वितळून कागदाला चिकटलं असतं, आणि ते तर धड होतं. म्हणजे कुणीतरी आधी ते काढलं, वही आत ठेवली, अर्धा-पाऊण तास वाट बघितली, बाहेर काढली आणि प्लॅस्टिक पुन्हा चढवलं. चुकून काही घडलेलं नव्हतं. ठरवून, शांत डोक्यानं केलेलं काम होतं.  जनूला शाईचं गुपित ठाऊक असायचं कारण नव्हतं. उरल्या दोघी, आणि दोघींनीही बाईंच्या हातचा चहा वर्षभर प्यायला होता.

नफिसाचं घर बाजारात, खाली दुकान. ती रडून रडून लाल झाली होती. पेन आपल्या घरातून आलं याचाच तिला घोर लागला होता. बाईंनी तिला शाईबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, अब्बांना पण असंच झालं होतं. मस्कतला गाडीत उन्हात त्यांची डायरी राहिली, सगळं उडालं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी ती डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर परत आलं. जुनं खोडलेलंसुद्धा. मला त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी फोनवर सांगितलं आणि खूप हसले."

बाई जागीच थांबल्या. "मग काल का नाही बोललीस?"

काल कुणी कारणच सांगितलं नव्हतं, सगळे म्हणत होते तिनं लिहिलंच नाही. आणि हे फ्रीझरचं तिनं कुणाला सांगितलं होतं का? नाही, नफिसा म्हणाली. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

बाई घरी आल्या. कुणी केलं ते त्यांना कळलं होतं. का केलं, ते मात्र त्या वहीलाच विचारावं लागणार होतं.

४

घरच्या जुन्या फ्रिजच्या कप्प्यात, जिथे बर्फही धड जमत नसे, बाईंनी वही तासभर ठेवून पाहिली. काही नाही. अजून खूप जास्त थंडी हवी होती. मग त्यांनी हिरामणला फोन लावला. मासळी बाजारातून बर्फ त्या स्वतः आणणार होत्या. हिरामणनं पोरीला घेऊन यायचं, आणि येताना मीठ आणायचं, जाडं, भरपूर.

दुपारी तीनला बापलेक पडवीत आली, तेव्हा हिरामणच्या खांद्यावर अर्धं पोतं होतं. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बाईंनी बर्फ फोडून घातला आणि वर मीठ ओतलं. बर्फात मीठ मिसळलं की थंडी बर्फाच्याही खाली उतरते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे असतंच. हिरामणला ते पुस्तकाशिवाय कळत होतं. मीठ कमी पडतंय, तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं आणखी ओंजळी टाकल्या. जर्नल दोन पिशव्यांत गुंडाळून मधोमध पुरलं. दोन तास वाट बघायची होती. विशाल सरही येऊन एका बाजूला बसले होते.

पाचला बाईंनी वही काढली. पिशव्यांवर पांढरं दहिवर जमलं होतं. पहिलं पान उघडलं.

अक्षरं परत आली होती. निळी, जरा फिकी, पण ओळ न् ओळ. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षणं. विशाल सरांनी डोळे मिटून घेतले. हिरामण वाकून बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण भरलेलं पान आणि कोरं पान यातला फरक त्याच्या डोळ्यांनी वर्षभर बघितला होता. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. कालपासून पहिल्यांदा.

पानं उलटत गेली. पाचव्या प्रयोगावर त्याचाच हात थांबला.

"बाई, हितं आकडं दोन दोन का?"

खरंच होतं. रीडिंगच्या तक्त्यात प्रत्येक घरात एकावर एक दोन आकडे होते. थंडीनं शाई परत आणली होती ती सगळीच, मधे रबरानं घासून काढलेलीही. वरचा आकडा दहा. त्याच्या खाली, भुतासारखा, सात पूर्णांक एक. तिन्ही वेळा दहा, आणि खाली तिन्ही वेळा सात पूर्णांक एक.

विशाल सर उठून उभे राहिले. प्रतिक्षा भिंतीला टेकून बसली आणि सांगू लागली.

तो आम्ल आणि सोड्याचा साधा प्रयोग होता. ब्युरेटमधून सोडा थेंबथेंब सोडायचा आणि आम्ल गुलाबी झालं की आकडा वाचायचा. पुस्तकाप्रमाणे आकडा दहा यायला हवा. प्रतिक्षाला तीनदा सात पूर्णांक एक आला. वर्गासाठीचं ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण सरांच्या सांगण्यावरून मृणालीनं बनवलं होतं. ती वर्गात पहिली, आणि वजनाचं गणित चौघांना तिनंच शिकवलेलं. प्रतिक्षानं तिला विचारलं की स्फटिकाच्या पोटात पाणी असतं ते वजनात धरलंस का? मिठागरावर वाढलेल्या पोरीला स्फटिकाच्या पोटातलं पाणी कुणी शिकवावं लागत नाही. मृणाली हसली. हे काय तुमचं मीठ आहे का गो, म्हणाली. मग सर आले. त्यांनी सांगितलं की दहाच यायला हवं, पुन्हा बघ. बाकी एक्केचाळीस जणांनी दहा लिहिलं. प्रतिक्षानंही घासलं आणि दहा लिहिलं. सरांनी सही केली.

"पन मला ते खोटं पचत नव्हतं," ती म्हणाली. "शनिवारी भांडी धुताना मी तिघांना बोलले, का बाहेरच्या मॅडमना मी खरा आकडा सांगनार."

विशाल सरांचा चेहरा राखेसारखा झाला. आणि सरूबाईंना दुसरंच काही ऐकू येत होतं, त्यांचाच आवाज, पस्तीस वर्षांचा. प्रत्येक बॅचला, प्रयोग सुरू व्हायच्या आधी, मदत म्हणून त्या सांगत असत, पोरांनो, दहाच्या आसपास येईल हं. त्या पस्तीस वर्षांत कुणाकुणाचा खरा आकडा घासला गेला असेल?

मग त्या म्हणाल्या, "प्रतिक्षा, नीट ऐक. ही वही दाखवलीस तर तू लिहिलं होतंस हे सिद्ध होईल. पण तू आकडा बदललास हेही त्याच पानावर आहे. एक दाखवून दुसरं लपवता येणार नाही."

५

मृणालीला त्यांनी संध्याकाळी ऊन असतानाच बोलावून घेतलं. पडवीत आता दोघीच होत्या. वही मिटलेली, बाईंच्या मांडीवर. मृणाली आली तीच प्रतिक्षाची चौकशी करत, तिला आम्ही सगळे मिळून नोट्स काढून देऊ, असं म्हणत. बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि ठरवल्याप्रमाणे एकेक गोष्ट मांडली. आवाज चढवला नाही.

वही ओव्हनमध्ये भाजली, शनिवारी साडेतीन ते पाचच्या मधे. शाई उष्णतेनं जाते हे माहीत असणारी चौघं, त्यांतली दोघं गाडीत बसून गेली होती. ओव्हनमध्ये प्लॅस्टिक वितळतं हे ध्यानात ठेवून कुणीतरी कव्हर काढलं आणि पुन्हा घातलं. म्हणजे दोन खेपा आणि मधे वाट बघणं. हे नफिसा करू शकत होती किंवा तू.

"मग नफिसालाच विचारा," मृणाली म्हणाली. "पेन तिचं होतं."

"विचारलं. ती शाई थंडीत परत येते हे तिला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. ज्याला हे माहीत आहे तो काही लपवायचं म्हणून वही भाजणार नाही. ज्यानं भाजली त्याला निम्मंच शास्त्र ठाऊक होतं. उष्णतेचं. थंडीचं नव्हतं."

बाईंनी वही पाचव्या प्रयोगावर उघडली आणि तिच्यासमोर धरली.

मृणाली त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली.  हुशार मुलगी, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या ओठांवरचा रंग जात गेला. मग ती जे बोलली ते बाईंकडे न बघता. वजन करताना स्फटिकातलं पाणी ती खरंच विसरली होती. सहा पूर्णांक तीन ग्रॅमऐवजी साडेचार घेतलं. प्रतिक्षानं विचारलं त्या रात्री तिनं पुस्तक उघडलं तेव्हाच तिला कळलं होतं. पण तोवर सगळ्या वर्गानं दहा लिहून टाकलं होतं आणि सरांनी तिच्या द्रावणाचं कौतुक केलं होतं.

"ती सगळ्यांना बुडवायला निघाली होती बाई. मला वाटलं, वही कोरी दिसली तर मॅडम तिच्या आकड्याचं ऐकणार नाहीत, फार तर पुन्हा लिहून आण म्हणतील. तीन वर्षं... हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच नाही आलं."

"आणि सोमवारी आलं तेव्हा?"

 सोमवारी, प्रतिक्षा स्टुलावर बसली होती तेव्हा पाण्याचा ग्लास तिला मृणालीनंच आणून दिला होता. नफिसानं सांगितलं होतं ते बाईंना. या सगळ्या प्रकरणात बाईंना सर्वांत जास्त तेच लागलं होतं.

"तुम्ही सांगणार?" मृणालीनं विचारलं.

"सांगणार. समिती दोनला बसते. तू आधी पोचलीस तर मला सांगावं लागणार नाही."

६

बुधवारी दोन वाजता बाई प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या तेव्हा मृणाली आधीच तिथे होती, वडलांबरोबर. वरश्याचे ते गृहस्थ खाली मान घालून बसले होते. तिचं सांगून झालं होतं. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

प्रतिक्षानं जर्नल टेबलावर ठेवलं आणि स्वतःच पाचवा प्रयोग उघडला. बाईंनी तिला एका शब्दानंही सुचवलं नव्हतं. बाहेर बाकावर हिरामण बसला होता, धुतलेला सदरा घालून.

सायरा मॅडमनी तक्ता वाचला. "यातला तुझा आकडा कुठला?"

"खालचा. वरचा मी सगळ्यांचं बघून लिवला."

"सही कुठल्या आकड्यावर झाली?"

"वरच्या," विशाल सर म्हणाले. "मी न बघता केली. ती माझी चूक आहे, तिची नाही."

मॅडम उठल्या आणि सरळ प्रयोगशाळेत गेल्या. त्या जुन्या द्रावणाची बाटली जनूनं अजून फेकली नव्हती. त्यांनी ब्युरेट स्वतः भरली, स्वतः सोडा सोडला आणि तीनदा आकडा वाचला. सगळे दारात उभे. तिसऱ्या वेळी त्यांनी तो मोठ्यानं सांगितला. सात पूर्णांक एक.

 बेचाळीस जर्नलांपैकी एक्केचाळीसमध्ये खोटा आकडा होता, एकही खाडाखोड नसलेला. खरा फक्त एकात होता, तोही घासलेला.

प्रतिक्षावरचा आरोप त्याच दुपारी काढून टाकला गेला. आकडा बदलल्याचे मार्क मात्र गेले, तिचेही आणि सगळ्या वर्गाचेही. मॅडमनी तो प्रयोग सगळ्या जर्नलांतून रद्द केला आणि गुरुवारी सगळ्या वर्गानं तो नव्या द्रावणानं पुन्हा करायचा असं ठरवलं. द्रावण त्या स्वतः बनवणार होत्या आणि त्याची तीव्रता कुणालाही सांगणार नव्हत्या. मृणालीचं प्रकरण विद्यापीठाकडे जाईल, निकाल राखून ठेवतील, पण परीक्षा तिलाही देऊ द्यायची. विशाल सरांना प्रयोगशाळेत यायची बंदी होती. म्हणून मॅडमनी विचारलं, सरूबाई एक दिवस उभ्या राहतील का?

बारा वर्षांनी बाई त्या टेबलांमधून फिरल्या. वीस ब्युरेट, पहिल्या तुकडीची वीस मुलं, आणि कधी नव्हे ती शांतता. एरवी अशा वेळी कुजबुज असते, किती आलं, माझं एवढं आलं. आज सगळी गोंधळून नुसती एकमेकांकडे बघत होती. कुठला आकडा यायला हवा हे न सांगता प्रयोग करायची त्यांना सवयच नव्हती.

मृणालीचं टेबल नेमकं प्रतिक्षाच्या शेजारी आलं होतं. प्रतिक्षा तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती, तिच्याकडे बघितलंही नव्हतं.  मृणालीनं ब्युरेटची तोटी सोडली, रंग गुलाबी झाला, आणि ती उभ्यानंच वरून आकडा वाचायला लागली. एकदा, दोनदा. लिहिलं नाही. मग अगदी खालच्या आवाजात तिनं विचारलं, "तुला किती आलं गो?"

परीक्षेत बोलायला बंदी होती. बाई तीन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि थांबल्या.

प्रतिक्षानं आपल्या कागदावर पंजा ठेवला.  मग समोर बघतच म्हणाली, "वरनं बगू नको. खाली वाक. डोळा पान्याच्या रेघेला आन. मंग जे दिसल ते लिव."

मृणाली वाकली. डोळा रेघेला येईपर्यंत खाली वाकली. तिनं पुष्कळ वेळ बघितलं आणि मग साध्या बॉलपेननं एक आकडा लिहिला. बाईंना तो त्यांच्या जागेवरून दिसला. आठ पूर्णांक सहा.

बरोबर होता की चूक, सरूबाईंना ठाऊक नव्हतं. त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.